घास उतरतो का?

पित्ताची गोळी दोन-दोन महिने नियमाने घेऊनही काही मोठ्या माणसांच्या छातीतली जळजळ थांबत नाही. त्यांच्यातल्या काहींचा आजार मुळात पित्ताचा नसतोच. त्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी ठाण मांडलेले असते. या आजाराचे नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. डॉक्टर मंडळी आपसात नुसते 'ईओई' म्हणतात, आपणही तेच म्हणू. असे रुग्ण किती, ते ओळखायचे कसे आणि जळगावच्या पिंप्राळ्यासारख्या वस्तीत हाताशी असलेल्या सोयींत या आजाराचा पत्ता लागू शकतो का, हे या आढाव्यात पाहायचे आहे.

पिंप्राळ्याचे नाव मुद्दाम घेतले. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे हे जुने गाव आता जळगाव महापालिकेत आहे. शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले, त्यामुळे दवाखाने, लॅब, दुर्बीण असलेली रुग्णालये यांपैकी काहीच फार लांब नाही. आणि पित्ताची गोळी तर राज्यात सगळीकडे मिळते तशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, बहुतेक वेळा चिठ्ठी न दाखवताच मिळते. म्हणजे इथला रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याचे सहा महिन्यांचे, कधी सहा वर्षांचे गोळ्या खाणे आधीच झालेले असते. पुढच्या गुंत्यातला बराचसा भाग इथूनच सुरू होतो.

आधी पित्ताचेच पाहू. जठरातले आम्ल उलटे वर अन्ननलिकेत येणे म्हणजे ॲसिड रिफ्लक्स. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शोभना भाटिया यांच्या पुढाकाराने इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने देशातल्या निरनिराळ्या केंद्रांतून 3,224 लोकांची पाहणी केली. 2011 साली तिचा अहवाल आला. त्यात 7.6 टक्के लोकांना हा त्रास आढळला. यावरचे नेहमीचे औषध म्हणजे ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या कुळातल्या गोळ्या. त्या दिवसातून दोनदा, आठ आठवडे, योग्य वेळी घेऊनही त्रास उरला, तर त्याला औषधाला न जुमानणारा रिफ्लक्स म्हणायचे, अशी ढोबळ व्याख्या आहे.

या व्याख्येतले 'योग्य वेळी' हे दोन शब्द सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहेत. जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवणाच्या चाहुलीने कामाला लागतात आणि ही औषधे कामाला लागलेला पंपच बंद करू शकतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. आपल्याकडे क्रम कसा असतो? उठल्यावर चहा, मग पोहे, मग आठवण झाली तर गोळी. किंवा जळजळ सुरू झाल्यावर गोळी, आणि दोन दिवस बरे वाटले की बंद. अशा रुग्णाला 'औषध लागू पडत नाही' म्हणणे म्हणजे औषधावर अन्याय आहे.

याचा उत्तम दाखला अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासात सापडतो. तो 2019 साली प्रसिद्ध झाला. औषधाला दाद न देणारी जळजळ म्हणून पाठवलेले 366 रुग्ण त्यात घेतले होते. पहिले काम एवढेच केले, की ओमेप्रॅझोल दिवसातून दोनदा, जेवणाआधी, नीट सांगून दोन आठवडे दिले. तेवढ्यावरच 42 जण बरे झाले. पुढे दुर्बीण, आम्लमापन आणि दाबमापन करत गेल्यावर 99 जणांची जळजळ 'फंक्शनल' निघाली. म्हणजे आम्ल वर येत नाही, अस्तर शाबूत आहे, पण अन्ननलिकेच्या संवेदना हळव्या झाल्या आहेत. 23 जणांना अन्ननलिकेचा रिफ्लक्सखेरीज दुसराच आजार होता. काही जण मध्येच गळाले, काही इतर कारणांनी वगळले गेले. खरोखर औषधाला न जुमानणारा रिफ्लक्स ज्यांना होता आणि ज्यांच्यावर पुढचे उपचार करून पाहिले, असे शेवटी उरले 78. म्हणजे दाराशी 'रिफ्लक्स' म्हणून आलेल्या माणसांत खरा, हट्टी रिफ्लक्स चौथाईच्याही आत होता. ईओई बसतो तो त्या 'दुसऱ्याच आजारां'च्या खान्यात. खाना लहान आहे, पण त्यातल्या माणसाला पित्ताच्या चाकोरीत फिरवत ठेवले तर त्याचे नुकसान होते, आणि ते भरून येत नाही.

इओसिनोफिल ही पेशी आपल्या लोकांना अनोळखी नाही. 'इस्नोफिलिया वाढला' हे वाक्य खोकल्याच्या प्रत्येक साथीत ऐकू येते. इओसिन या रंगद्रव्याने तिच्यातले कण लालकेशरी दिसतात, म्हणून 1879 साली पॉल एर्लिख यांनी तिला हे नाव दिले. जंत आणि ॲलर्जी ही तिची दोन मुख्य कार्यक्षेत्रे. जठरात आणि आतड्यांत ती थोड्याफार प्रमाणात असतेच. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ती सापडत नाही. ईओईमध्ये खाण्यातल्या, काही प्रमाणात हवेतल्याही, प्रथिनांविरुद्ध शरीराची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया चालू राहते, रासायनिक निरोपांनी या पेशी अन्ननलिकेत बोलावल्या जातात आणि तिथे दाह मांडून बसतात. दाह वर्षानुवर्षे राहिला की अस्तराखाली तंतू साठतात, नळीची लवचीकता जाते आणि ती अरुंद होते.

आजार नवा म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. 1978 साली एका रुग्णाची नोंद झाली होती. पण स्वतंत्र आजार म्हणून त्याला ओळख मिळाली ती 1993 साली. सर्जन स्टीफन ॲटवूड यांनी गिळायला त्रास असलेल्या 12 प्रौढ रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या अन्ननलिकेत इओसिनोफिल खच्चून होते आणि बहुतेकांच्या आम्लमापनात काहीच वावगे नव्हते. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ॲलेक्स स्ट्राउमान यांनी तसेच 10 रुग्ण मांडले. 1995 साली बाल्टिमोरमध्ये केव्हिन केली यांनी 10 मुलांचे नेहमीचे खाणे बंद करून त्यांना फक्त अमिनो आम्लांचे पेय दिले. मुले सुधारली. आजाराचे मूळ ताटात आहे, हे तेव्हा कळले. पहिली सर्वमान्य मार्गदर्शक तत्त्वे यायला 2007 उजाडले. आज पन्नाशीत असलेल्या डॉक्टरांच्या एमबीबीएसच्या पुस्तकात हा आजार नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. गोळीला न जुमानणाऱ्या रिफ्लक्सच्या रुग्णांत ईओई किती? इराणमध्ये 68 रुग्णांपैकी 6 जणांत सापडला, म्हणजे जवळजवळ 9 टक्के. मेक्सिकोत 150 पैकी 6, म्हणजे 4 टक्के. ब्राझीलमध्ये 103 पैकी अवघा एक. अमेरिकेतल्या अशाच एका अभ्यासातही प्रमाण एका टक्क्याच्या आतच आले. आपल्या देशात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या रुग्णांचा अभ्यास करून 2017 साली आकडा दिला, तो शेकडा तीनच्या आसपास. ॲलर्जीचा पूर्वेतिहास आणि गोळीला प्रतिसाद न मिळणे या गोष्टी ईओई असलेल्यांत जास्त दिसल्या.

एक ते नऊ टक्के ही तफावत मोठी वाटते, पण तिच्यात गूढ काही नाही. कोणी गिळण्याचा त्रास असलेले रुग्ण धरले, कोणी वगळले. कोणी तपासणीसाठी अस्तराचे दोन तुकडे काढले, कोणी सहा. रुग्णसंख्या सगळीकडे लहान, त्यामुळे एखाद-दुसऱ्या रुग्णाने टक्केवारी हलते. ठोकळ सांगायचे तर शंभर हट्टी पित्तवाल्यांत तीन-चार. ज्याची जळजळ थांबत नाही त्या प्रत्येकाच्या मनात हा नवा आजार भरवण्याइतका हा आकडा मोठा नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही.

पण माझ्या मते या सगळ्या आकड्यांत एक मूलभूत खोट आहे आणि ती प्रश्नातच दडलेली आहे. हे अभ्यास झाले तेव्हा नियम असा होता, की पित्ताच्या गोळीने बरा झाला तो रिफ्लक्स, नाही झाला तर ईओई. गोळी हीच चाळणी होती. पुढे लक्षात आले, की तुकड्यात भरपूर इओसिनोफिल असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अन्ननलिकेतून त्या पेशी नुसत्या याच गोळ्यांनी नाहीशा होतात. गोळी फक्त आम्लच कमी करत नाही, तर इओसिनोफिलना बोलावणारा एक रासायनिक निरोपही दाबते. हे रुग्ण बाकी सर्व बाबतींत ईओईचेच होते. म्हणून 2018 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने चाळणीचा तो नियम रद्द केला. गोळीने बरा होणारा ईओईही ईओईच, आणि गोळी हा त्याच्या पहिल्या उपचारांपैकी एक.

याचा अर्थ नीट पाहा. 'गोळी लागू न पडलेल्यांत ईओई किती' असे विचारले की ज्यांना गोळी लागू पडते ते निम्मे ईओईवाले आपण मोजायच्या आधीच घरी पाठवतो. ते बरे वाटते म्हणून गोळी घेतात, सोडतात, पुन्हा घेतात. दाह मात्र मधल्या काळात आपले काम करत राहतो. दुसऱ्या बाजूला, ज्यांची गोळी निष्फळ ठरते त्यांतल्या बहुसंख्यांना ईओई नसतोच. त्यांचे गोळीचे वेळापत्रक चुकलेले असते किंवा संवेदना हळव्या झालेल्या असतात. मग गोळी ही कसोटी कशाची? ईओई शोधायचा तर रुग्णाला विचारण्याचा पहिला प्रश्न 'गोळीने बरे वाटते का' हा नको. 'घास उतरतो का' हा हवा.

आणि हा प्रश्न नुसता विचारून चालत नाही, कारण उत्तर 'हो, उतरतो' असेच येते. ईओईचा प्रौढ रुग्ण वर्षानुवर्षे अडचणीशी जमवून घेत आलेला असतो, इतका की ती त्याला अडचण वाटेनाशी होते. खान्देशी ताट तर त्याला साथच देते. ज्वारीची भाकरी आमटीत चुरून खायची रीतच आहे. बट्टी वरणात कुस्करायची, वर तुपाची धार सोडायची. भरीत तर न चावताही खाली उतरते. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत कळण्याची भाकरी सगळे जण तोडून तोडून खातात आणि एक जण ती भरतात कालवून, मऊ करून, प्रत्येक दोन घासांमागे पाण्याचा घोट घेत खातो. घरचे म्हणतात, हा पहिल्यापासूनच सावकाश खातो. मटणाचा रस्सा तो घेतो, तुकडे पानात तसेच ठेवतो. मोठी गोळी दिसली की अर्धी करतो. पंगतीत शेवटी उठतो. यांपैकी कशालाच तो आजार म्हणणार नाही आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सांगेल फक्त 'छातीत जळजळते'.

म्हणून विचारायचे ते असे: जेवताना पाणी जवळ नसेल तर जेवाल का? सगळ्यांचे आटोपते तेव्हा तुमच्या पानात किती उरलेले असते? कोरडी चपाती, पाव, मटणाचा तुकडा टाळता का? कधी घास छातीत बसून उलटी काढावी लागली आहे का? अहिराणीत कोणी 'घास खाले उतरत नही' असे सहज बोलून गेला, तर तिथे पेन थांबले पाहिजे. त्यात वय वीस ते पन्नासच्या दरम्यान, पुरुष (पुरुषांत हा आजार बायकांच्या सुमारे तिप्पट), आणि दमा, सततच्या शिंका किंवा लहानपणचा इसब अशी पार्श्वभूमी असेल, तर संशय पक्का धरावा.

अर्थात घास अडकणे म्हणजे लगेच ईओई नव्हे, आणि इथे क्रम चुकला तर महागात पडते. पन्नाशीच्या पुढचा माणूस, तंबाखूची सवय, वजन घटते आहे, आधी भाकरी आणि मग भातही अडकू लागला, तर पहिल्यांदा कर्करोग नाही याची खात्री करायची, तीही लगोलग. पाणी आणि घट्ट पदार्थ दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असतील, तर अकॅलेशिया, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा न उघडण्याचा आजार, डोक्यात असावा. रक्त फार कमी असलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेने घशाशी पातळ पडदा तयार होऊनही घास अडकतो. आणि चालताना, जिना चढताना येणारी छातीतली जळजळ ही पित्ताची समजून गोळी घेत बसू नये, आधी हृदय तपासावे.

आता दुर्बिणीकडे. ईओईची अन्ननलिका दुर्बिणीतून पाहिली तर तिच्यात आडवी वलये दिसू शकतात, नांगरटीच्या तासांसारख्या उभ्या चिरा दिसतात, पांढरे ठिपके असतात, अस्तर सुजून फिकट झालेले असते, कधी नळी जागोजागी अरुंद झालेली असते. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा 17 टक्क्यांच्या आसपास रुग्णांत अन्ननलिका दिसायला अगदी नॉर्मल होती. म्हणजे 'दुर्बीण केली, सगळे नॉर्मल आहे' हे वाक्य या आजारापुरते निकालाचे नाही. निकाल तुकड्यात असतो. तोही एक तुकडा घेऊन भागत नाही, कारण दाह ठिगळाठिगळाने असतो. किमान सहा तुकडे, अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भागांतून, वेगळ्या बाटल्यांत, असा संकेत आहे. खालच्या भागात रिफ्लक्समुळेही थोडे इओसिनोफिल येऊ शकतात. वरच्या भागातही ते दाटीने असतील तर ईओईची बाजू बळकट होते.

तुकडा काढायला चिमट्याला काही क्षण लागतात आणि रुग्णाला ते कळतही नाही. खर्च वाढतो तो पॅथॉलॉजीचा. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली आहे. ज्या ठिकाणी सर्वांत जास्त दाटी दिसते ते एक क्षेत्र चारशेपट मोठे करून धरायचे आणि त्यातल्या इओसिनोफिल पेशी एक-एक मोजायच्या: दोन पाकळ्यांचे केंद्रक, भोवती लालकेशरी कण. एका क्षेत्रात 15 किंवा त्याहून जास्त निघाल्या, जोडीला गिळण्याची लक्षणे असली आणि दुसरे कारण नसले, तर निदान झाले. यात महागडे यंत्र कुठेही नाही. नेहमीच्या रंगांची काचपट्टी आणि मोजण्याची तयारी एवढेच लागते. जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे त्याहून कितीतरी जुने आहे, आणि पॅथॉलॉजी विभागाशिवाय वैद्यकीय महाविद्यालय चालत नाही. अडते ते मोजण्यावर. तुकडा पाठवताना 'इओसिनोफिल मोजावेत' असे चिठ्ठीवर लिहिलेले नसते, आणि मग रिपोर्टात 'जुनाट दाह' असे मोघम शब्द येतात. आकडा नसलेल्या रिपोर्टाचा ईओईच्या बाबतीत काही उपयोग नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

आणखी एक अडचण, आपल्याकडे सर्रास आढळणारी. रुग्ण दुर्बिणीला येतो तो पित्ताच्या गोळ्या चालू असतानाच. निम्म्या रुग्णांत या गोळ्या इओसिनोफिल घालवतात, हे वर आलेच आहे. म्हणजे गोळी चालू असताना काढलेला तुकडा स्वच्छ निघाला तर आजार नाही की गोळीने झाकला, हे कळायला मार्ग नाही. ब्रिटनची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच निदानाच्या दुर्बिणीआधी किमान तीन आठवडे गोळी बंद ठेवायला सांगतात. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्याने किंवा पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेल्याने परस्पर गोळी सोडू नये.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो. तिकडे तो आता हजार-दोन हजारांत एकाला असल्याचे मानतात, आणि जेवताना घास अडकून तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रौढांत सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे. इथे तो खरोखर कमी आहे की कमी शोधला जातो? दोन्ही असावे. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांत असतो, आणि तो असलेल्यांत ईओई कमी आढळतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. जंतांबद्दलही असाच तर्क केला जातो. रक्तातल्या इओसिनोफिलवर मात्र इथे फार विसंबू नये. जंत, हत्तीरोगाच्या परजीवींमुळे होणारा फुप्फुसांचा इस्नोफिलिया, दमा, एखादे औषध, कशानेही तो आकडा वाढतो. ईओईच्या कित्येक रुग्णांत तो वाढलेला नसतोही. गाजर गवताने शिंका आणि त्वचेची ॲलर्जी होते हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे, पण तेवढ्यावरून अन्ननलिकेवर बोट ठेवता येत नाही.

उपचारांचे तीन रस्ते आहेत: गोळी, गिळायचे स्टिरॉइड आणि पथ्य. गोळी म्हणजे तीच, पित्ताची, पण पूर्ण मात्रेत आठ ते बारा आठवडे, आणि नंतर पुन्हा दुर्बीण करून तुकडा. हा 'पुन्हा तुकडा' लोकांना जड जातो. पण ईओईत बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर असते. जळजळ थांबते, दाह राहतो.

स्टिरॉइडचा प्रकार गमतीचा आहे. दम्यासाठी वाफेतून घ्यायचे ब्युडेसोनाइडचे द्रव औषध मधासारख्या दाट पदार्थात कालवून गिळायचे, म्हणजे ते अन्ननलिकेला चोपडून जाते. नाहीतर फ्लुटिकासोनचा पंप तोंडात मारून श्वास न ओढता गिळायचा. दोन्हींनंतर अर्धा तास खायचे-प्यायचे नाही. युरोपात 2018 साली खास या आजारासाठी जिभेवर विरघळणारी गोळी मंजूर झाली आणि अमेरिकेत 2024 साली द्रवरूप औषध. पण तत्त्व तेच, आणि दम्याचे औषध तर आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळते. स्टिरॉइड म्हटले की घाबरणाऱ्यांसाठी: हे औषध अन्ननलिकेवर काम करते, शरीरात फार थोडे जाते. तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी होणे हा मुख्य उपद्रव, आणि त्यावर औषध आहे.

पथ्याचा रस्ता सर्वांत मुळाशी जाणारा आणि सर्वांत कठीण. दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे हे सहा गट बंद करायचे, तुकडा पाहायचा, मग एकेक गट परत आणत गुन्हेगार शोधायचा, अशी मूळ पद्धत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने ती सोपी केली. 129 प्रौढांपैकी काहींना सहाही गट बंद केले, काहींना फक्त दूध. सहा आठवड्यांनी पहिल्या गटात 40 टक्के, दुसऱ्यात 34 टक्के रुग्णांचा दाह गेलेला होता. फरक एवढा थोडा असेल तर सुरुवात दुधापासून करणे शहाणपणाचे. खान्देशी घरात दूध बंद म्हणजे चहा, ताक, दही आणि बट्टीवरचे तूपही बंद. गहू सोडणे मात्र ज्वारी-बाजरीच्या मुलुखात त्या मानाने हलके. खरी पंचाईत डाळींची. स्पेनमधल्या तज्ज्ञांनी दूध, गहू, अंडी आणि कडधान्ये असे चार गट बंद करून पाहिले, तेव्हा 18 टक्के रुग्णांत कडधान्ये दोषी निघाली. ज्या शहरात डाळमिलांची रांग आहे आणि ज्या स्वयंपाकात शेवभाजीची शेव, पातोडी, दाळगंडोरी, कळण्यातले उडीद असे सगळे डाळीवर उभे आहे, तिथे हे पथ्य आहारतज्ज्ञाच्या मदतीशिवाय करू नये. नाहीतर प्रथिनेच ताटातून जातील. रक्ताच्या किंवा त्वचेच्या महागड्या ॲलर्जी चाचण्यांवरून पथ्य ठरवू नये. ईओईत दोषी पदार्थ ओळखायला त्या कुचकामी ठरल्या आहेत.

डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत मे 2022 मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली. औषध गुणकारी, किंमत आपल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. नळी अरुंद झालीच असेल तर दुर्बिणीतून फुग्याने ती हळूहळू रुंद करता येते. तज्ज्ञ हातात ते सुरक्षित आहे. मात्र त्याने दाह जात नाही, वाट तेवढी मोकळी होते.

उशिराची किंमत स्वित्झर्लंडच्या 200 रुग्णांवरून 2013 साली मोजली गेली. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन वर्षांत ज्यांचे निदान झाले त्यांच्यापैकी 17 टक्के रुग्णांची अन्ननलिका अरुंद झालेली होती. वीस वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांत हे प्रमाण 71 टक्क्यांवर गेले. ईओईने कर्करोग होत असल्याचा पुरावा नाही, तेवढी भीती काढून टाकावी. पण वीस वर्षे घोटाघोटाने भाकरी उतरवणे हीसुद्धा काही लहान शिक्षा नाही.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. घास छातीत अडकला की आपल्याकडे वरून भाताचा गोळा किंवा केळे गिळायला सांगतात, आणि केळ्यांच्या जिल्ह्यात तर ते हाताशीच असते. तसे करू नका. वरून ढकललेल्या घासाने अडथळा वाढतो आणि अन्ननलिकेला इजा होऊन ती फाटूही शकते. थुंकीही गिळता येत नसेल तर ताबडतोब दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. थुंकी उतरत असेल तरी चोवीस तासांच्या आत घास काढून घ्या. घास काढल्यावर सुटलो म्हणून घरी येऊ नका. त्याच वेळी किंवा थोड्या दिवसांनी अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागातून तुकडे घ्यायला सांगा, आणि रिपोर्टात इओसिनोफिलचा आकडा मागून घ्या.